तिवरांचं सलग वर्ष

घरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसे आमच्याकडे किस्से साठतात. मुद्दाम कुणी जमवत नाही, टाकून द्यायचाही धीर होत नाही, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर येतात. डेटा मात्र साठत नाही. खरं तर तो साठवायलाच आम्हाला ठेवलंय.

डेटा कसला, ते आधी सांगते. डोंबिवलीच्या पश्चिमेला खाडी आहे, खाडीकाठी तिवरांचं जंगल आहे आणि त्या जंगलात आमचा एक लोखंडी मनोरा आहे. मनोऱ्याच्या टोकाला, झाडांच्या शेंड्यांच्याही वर, एक यंत्र लावलंय. झाडं हवेतला किती कार्बन ओढून घेतात आणि किती पाण्याची वाफ करून सोडतात, ते हे यंत्र दिवसरात्र मोजतं. एवढंच आमचं काम. माझ्या आत्येसासूबाईंना हे समजवायला मला दोन गणपती लागले. दुसऱ्या गणपतीत त्या म्हणाल्या, "म्हणजे झाडं काय खातात, किती पितात, त्यावर तुझं लक्ष. डाएटिशियन आहेस असं सांग ना सरळ."

तेव्हापासून सासरी मी डाएटिशियन आहे. मध्यंतरी एका चुलत दिरांनी मला त्यांचे शुगरचे रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅप केले.

आमची टीम म्हणजे तीन माणसं आणि एक होडीवाला. सर बॉटनीचे, मूळचे पुण्याचे, इतकी वर्षं ठाण्यात काढूनही भाषेला ठाण्याचा वारा लागू न दिलेले. मी प्रोजेक्टवरची कायमची हंगामी. होडीवाला पद्माकर, खाडीकाठच्या गावातला कोळी. होडीही त्याची, आणि होडीत बसल्यावर मतंही त्याचीच. आणि सायली, विठ्ठलवाडीची, सरांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी.

खरा जीव टांगणीला लागलाय तो सायलीचा. तिच्या थिसिसला एक सलग वर्ष हवंय. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा, सगळे ऋतू एकामागोमाग एक, मध्ये मोठा खंड न पडता. थोड्या दिवसांचं भोक पडलं तर ते गणिताने रफू करता येतं. मोठं भोक रफू होत नाही. पहिल्या वर्षी पावसात खाडी इतकी चढली की बॅटऱ्या बुडाल्या. दुसऱ्या वर्षी तांब्यासाठी कुणीतरी केबल कापून नेली. हे तिसरं वर्ष ऑक्टोबरात सुरू झालं. फेलोशिप केव्हाच संपलीय, सकाळी ती एका क्लासमध्ये बारावीला शिकवते आणि मग चिखलात येते.

"हे वर्ष पण गेलं तर मी बँकेच्या परीक्षा देणार ताई," ती मला एकदा म्हणाली. रडून म्हणाली असती तर समजूत घालता आली असती. ती डब्याचं झाकण उघडता उघडता म्हणाली, आणि पुढे विचारलं, "भेंडी घेता का?"

*

झाडं वर्षभरात किती पानं गाळतात, तेही आम्ही मोजतो. पडलेलं पान म्हणजे चिखलात गेलेला कार्बन. त्यासाठी झाडांखाली झोळीसारख्या जाळ्या बांधल्यात, भरतीचं पाणी पोचणार नाही इतक्या उंचीवर. प्रत्येक जाळीला नंबर आहे. महिन्याने जायचं, प्रत्येक जाळीतली पानं वेगळ्या पिशवीत भरायची, वाळवायची, वजन करायचं.

जानेवारीत आम्ही गेलो तर बांधाजवळच्या जाळ्यांमध्ये पान नव्हतं. जवळा होता, बारीक कोळंबी. छान पसरून वाळत घातलेला. पलीकडे छत्री उघडून पद्माकरची आई राखणीला बसली होती.

"आजी, आमची पानं?" सायलीने विचारलं.

"ती काय, ठेवलीत. एकबी टाकली नाय." गोणपाटावर सगळ्या जाळ्यांच्या पानांचा एकच ढीग होता. वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगडही ठेवलेला.

"आजी, ती वेगवेगळी ठेवायची असतात हो."

"सगली तिवराचीच त हान. वेगली कंला करतंस?"

सर पुढे झाले. नमुना म्हणजे काय, एका झाडाची दुसऱ्या झाडाशी तुलना का करावी लागते, ढीग केल्याने नेमकं काय बिघडतं, हे त्यांनी उन्हात उभं राहून, एकही वाक्य अर्धं न सोडता समजावलं. म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग पद्माकरला हाक मारून म्हणाली, "यांना पयला जेवाला बसव. भुकेला मानूस लय बोलतं."

आम्ही जेवलो. सरांनी भाकरी आणि कांदा, आम्ही दोघींनी जवळा. ज्या जवळ्याने आमचा महिना खाल्ला तो आम्ही खाल्ला, आणि खोटं कशाला बोलू, फार चांगला झाला होता.

*

यंत्राला अधूनमधून खरं काय ते दाखवावं लागतं, नाहीतर ते मनाचंच बोलायला लागतं. त्यासाठी एक सिलिंडर येतो. त्यात हवाच असते, फक्त कार्बनचं प्रमाण मोजूनमापून ठेवलेली. ती यंत्राला हुंगवायची आणि विचारायचं, बोल बाबा, किती?

एकदा हा सिलिंडर घेऊन येणारा टेम्पो शीळफाट्याला अडकला. शीळफाट्याला अडकणं ही काही बातमी नाही. पण तो इतका अडकला की पद्माकर वाट बघून होडी बांधून घरी गेला आणि कॉलेज बंद झालं. शेवटी सिलिंडर माझ्या घरी उतरवला. मी राहते मानपाड्याच्या बाजूला. आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी, शिर्केकाका, जिन्याखाली उभेच होते.

"गॅस आणलात? कमर्शियल?"

"गॅस नाही काका, हवा आहे."

"कसली हवा?"

"साधीच. आपण घेतो ती."

काकांनी सिलिंडरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर एमआयडीसीच्या दिशेने पाहिलं. "आपण घेतो ती असती तर तुम्ही बाहेरून कशाला मागवली असतीत?"

यंत्राला स्वच्छ हवा लागते, इथली चालत नाही, असं मी म्हणून बसले, आणि तिथेच फसले. तासाभरात दुसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी वहिनी सासऱ्यांना हाताला धरून घेऊन आल्या. "यांना दमा आहे. उरली तर थोडी द्याल का?"

मी त्यांना चहा दिला. सकाळी कामाला निघाले तर फळ्यावर नोटीस होती : "सभासदांनी सोसायटीच्या आवारात खाजगी हवा आणू नये. — सेक्रेटरी."

*

मनोऱ्यावर एक कॅमेराही आहे, स्वतःच्या बॅटरीवर चालणारा. तासातासाला झाडांच्या शेंड्यांचा फोटो काढतो. पानं कधी गळतात, कधी फुटतात, ते त्यातून कळतं. फोटोच्या वरच्या कोपऱ्यात खाडीपलीकडच्या एका टॉवरची बाजू येते. आम्ही तिकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. टॉवरमधल्या एका काकांनी दिलं.

दुर्बीण घेऊन पक्षी बघताना त्यांना कॅमेरा दिसला आणि तो आपल्याच बाल्कनीवर रोखलाय असं त्यांच्या मनाने घेतलं. पत्ता शोधत ते थेट डिपार्टमेंटला आले. "प्रायव्हसी नावाची काही गोष्ट आहे की नाही?"

सायलीने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि स्क्रीनवर फोटो उघडून दाखवला. त्यात त्यांची बाल्कनी म्हणजे नखाएवढा चौकोन होता आणि चौकोनात एक हिरवा ठिपका. "यात माणूस काय, म्हैस पण दिसणार नाही काका."

काका खुर्ची ओढून स्क्रीनजवळ सरकले. "हिरवं दिसतंय ती माझी बाग. तुमच्याकडे किती दिवसांचे फोटो आहेत?"

"रोजचे आहेत."

"गेल्या मे महिन्यातले काढा."

गेल्या मेमध्ये ते गावी गेले होते, रत्नागिरीकडे. परत आले तर निम्मी झाडं मेलेली. बायको म्हणाली, मी रोज पाणी घालत होते, ऊनच फार होतं. काकांना ते पटलं नव्हतं, पण पुरावा नव्हता. सायलीने एकेक दिवस पुढे नेला. ते गेले त्याच्या चौथ्या-पाचव्या दिवसापासून ठिपका फिका पडत गेला आणि आठवड्यात तपकिरी झाला. काका आभार मानून गेले. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान आम्हाला आमच्या कामातून कधी मिळालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोन आला, बाईंचा आवाज. "सायली तूच का? फोटो काढतेस ते काढ बाई. पण झाडांचेच काढ."

*

पद्माकरच्या धाकट्या भावाचं लग्न एप्रिलमध्ये ठरलं. खाडीकाठच्या गावात हळद म्हणजे लग्नाहून मोठी. गाव मनोऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सायलीने पद्माकरला आधीच गाठलं. "दादा, जनरेटर कुठे ठेवणार?"

"मंडपाच्या मागं."

"धूर आमच्या मनोऱ्याकडे येईल हो. दुसऱ्या बाजूला ठेवा ना."

पद्माकरने छातीवर हात ठेवला. "तुमी सांगितला ना? मंग झाला."

हळदीला आम्हाला बोलावणं होतंच. सर नाही म्हणाले, मग आले, कुर्ता घालून. डीजे असा लागला की छातीत वाजत होता. सायली सुरुवातीला कोपऱ्यात उभी होती. मग पद्माकरच्या बहिणींनी तिला ओढलं आणि ती नाचली. अशी नाचली की मी तिला ओळखलं नाही. त्या सबंध वर्षात मी तिला तेवढं एकदाच हसताना पाहिलं. सर म्हणाले, "हिला अधूनमधून असं सुट्टीवर पाठवायला हवं." मी मनात म्हटलं, मलासुद्धा.

पुढच्या आठवड्यात डेटा उतरवला. हळदीच्या संध्याकाळी तिवरांनी एवढा कार्बन सोडलेला दिसत होता की जंगल पेटलंय असं वाटावं. आम्ही पद्माकरला विचारलं. त्याने जनरेटर खरोखर सांगितला तिथेच ठेवला होता. पण संध्याकाळी वारा फिरला, धूर पाहुण्यांच्या डोळ्यात जायला लागला, म्हणून चौघांनी तो उचलून पुन्हा मंडपामागे आणला.

"पावन्यांच्या डोल्यात धूर कसा जावू देवाचा, सांग?"

सायली लॅपटॉपसमोर बसली आणि तिने त्या संध्याकाळचे आकडे निवडून काढून टाकले. स्वतः नाचलेली संध्याकाळ तिने स्वतःच्या हाताने पुसली. "छोटं भोक आहे ताई," ती म्हणाली, "रफू होईल."

*

मे महिन्यात कावळा आला.

मुंबईकडच्या कावळ्यांना घरट्यासाठी काटक्या कमी आणि तारा जास्त आवडतात. आमचा मनोरा म्हणजे त्यांच्या दृष्टीने हार्डवेअरचं दुकान. त्यांनी यंत्राच्या दांड्यावरच घर बांधायला काढलं. चार दिवसांत तापमापकाची वायर, आमच्या केबल बांधायच्या पट्ट्या आणि कुठून तरी आणलेले हँगर, असं सगळं सामान वर जमलं. कावळीण घरट्यात बसली की तिची शेपटी बरोबर यंत्राच्या तोंडासमोर यायची. त्या वेळेचा सगळा डेटा कचरा.

सायली म्हणाली, "सर, घरटं काढूया. अजून अंडी नाहीत."

सर म्हणाले, "आपण निसर्गाचा अभ्यास करतो. त्याला घराबाहेर काढत नाही."

"मग थिसिसवर कावळिणीचं नाव घालते."

घरटं राहिलंच. आम्ही पंधरवडाभर सगळे उपाय केले. आरसा टांगला, घंटी बांधली, पद्माकरने मेलेल्या कावळ्यासारखं दिसणारं काळं फडकं लावलं. कावळ्यांनी फडकं घरट्यात अंथरलं. एकेक दिवस जात होता आणि भोक मोठं होत चाललं होतं. सायली रोज संध्याकाळी किती दिवस गेले ते मनात मोजायची, आणि चेहऱ्यावरून मला ते कळायचं. आणखी थोडे दिवस गेले असते तर ते रफूच्या पलीकडे गेलं असतं.

एका दुपारी आम्ही होडीत बसून वर बघत होतो. कावळा दांड्यावर बसून आमच्याकडे बघत होता. उन्हाने आणि वैतागाने माझं डोकं फिरलं होतं. मी म्हटलं, "सर, दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की काय करतात? मागे राहिलेली इच्छा पुरी करतो म्हणून सांगतात. तुम्ही पण सांगून बघा."

सर देवाला हात जोडत नाहीत. श्राद्ध करत नाहीत, सत्यनारायणाच्या प्रसादाला शिरा म्हणतात. ते माझ्यावर चिडतील असं वाटलं. पण ते हलत्या होडीत उठून उभे राहिले, चपला काढल्या, हात जोडले आणि त्यांच्या त्या स्वच्छ मराठीत कावळ्याला म्हणाले, "सायलीचं वर्ष मी पुरं करून देईन. आपण निश्चिंत असावे."

कोणी हसलं नाही. सायलीने तोंड खाडीकडे फिरवलं.

दोन दिवसांनी कावळे गेले. का गेले, माहीत नाही. पलीकडच्या टॉवरवर नवीन मोबाइल अँटेना लागला होता, कदाचित तिथे वायर चांगली मिळाली असेल. सर या विषयावर बोलत नाहीत. पद्माकर मात्र गावभर सांगतो, सर लय मोठा मानूस हाय, कावल्याला अहोजाहो करतो.

*

एवढं सगळं झाल्यावर माणसाला वाटतं की आता पुरे. मलाही वाटतं. गुडघे चिखलातून पाय काढून काढून दुखतात, दर वर्षी कॉन्ट्रॅक्ट पुढे सरकेल का याची धाकधूक असते, आणि घरी आल्यावर मुलगा विचारतो की आज झाडांनी काय खाल्लं. मी सांगते, आज मला खाल्लं. पण हा शेवटचा किस्सा सांगायचा राहिला तर बाकीचे सांगून उपयोग नाही.

प्रोजेक्टची मुदत जूनअखेर संपत होती. ऑक्टोबरात सुरू झालेलं सायलीचं वर्ष सप्टेंबरअखेर भरणार होतं. मधले तीन महिने मनोरा उभा ठेवायला मुदतवाढ हवी होती. नाही मिळाली तर मनोरा उतरवायचा, आणि तोही पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे पावसात तिवरं काय करतात ते बघायच्या आधीच. सरांनी अर्जात तीन महिने मागितले होते. ते द्यायचे की नाही, हे ठरवायला जूनच्या पहिल्या आठवड्यात समिती जागा बघायला आली. पाच जण. अध्यक्ष दिल्लीत नोकरी केलेले, मूळचे अमरावतीचे, मिशा करड्या, बोलणं कमी. दोन मॅडम, दोन सर. सगळ्यांचे बूट स्वच्छ.

पाऊस अजून आला नव्हता. हवा अशी की नुसतं उभं राहिलं तरी अंग भिजावं. होडीतून उतरल्यावर मनोऱ्यापर्यंत बांबूची एक अरुंद वाट आहे, एका वेळी एकच माणूस जाईल इतकी. दोन्ही बाजूंना चिखल. निम्म्या वाटेत एका सदस्यांचा पाय घसरला, गुडघ्यापर्यंत आत गेला आणि बुटाशिवाय वर आला. बूट सापडला नाही. त्यानंतर पाचही जण एकमेकांचे खांदे धरून, घट्ट चिकटून चालायला लागले.

अध्यक्षांनी सायलीला पहिलाच प्रश्न विचारला, "दोन वर्षांत जमलं नाही, ते तीन महिन्यांत जमेल कशावरून?"

सायली सकाळी बारावीचा क्लास घेऊन, धावत येऊन, सगळं सामान स्वतः वाहून आणून उभी होती. तिने खांद्यावरचं ओझं खाली ठेवायला घेतलं. सर मध्ये पडले. "आपण प्रत्यक्ष प्रयोगच दाखवू. सायली, डबा लाव."

डबा म्हणजे पारदर्शक पेटी, तिला नळीने एक छोटं यंत्र जोडलेलं. तिवराची एक डहाळी पेटीत घ्यायची आणि पेटी बंद करायची. उन्हात पानं कार्बन खायला लागतात आणि स्क्रीनवरचा आकडा उतरत जातो. लहान मुलालाही कळतं. फक्त पेटी बंद करण्याआधी बाहेरच्या हवेचा आकडा स्थिर व्हावा लागतो. त्यासाठी आम्ही एरवी लांब उभे राहतो, पेटीकडे पाठ करतो आणि जमेल तेवढा श्वास धरतो. कारण माणूसही कार्बन सोडतो, आणि यंत्राला माणूस आणि झाड यातला फरक कळत नाही.

हे समितीला सांगायला हवं होतं. पण सरांना वाटलं मी सांगितलं, आणि मला वाटलं सर सांगतील.

सायलीने पेटीत डहाळी घेतली, झाकण उघडं ठेवलं. पाचही जण आकडा बघायला वाकले. खांद्याला खांदा, डोक्याला डोकं, नाकं पेटीवर. एरवी चारशेच्या थोडा वर राहणारा आकडा पाचशे झाला. मग सहाशे. मग पुढेच जात राहिला.

"हा वर चाललाय," एक मॅडम म्हणाल्या.

"तुमच्या अहवालात लिहिलंय की हे जंगल कार्बन शोषून घेतं," अध्यक्ष सरांना म्हणाले. "हे तर सोडतंय."

सरांनी घाम पुसला. "त्याचं असं आहे, काही विशिष्ट परिस्थितीत..."

"परिस्थिती राहू द्या. झाड कार्बन सोडत असेल तर मुदत कशासाठी वाढवायची? हो किंवा नाही, तेवढं सांगा."

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा सरांचं वाक्य अर्धं राहिलेलं पाहिलं. तीन वर्षं डोळ्यांसमोर आली आणि ती या बांबूवर, या चिखलात, अशी संपणार असं वाटलं.

तेवढ्यात सायली बोलली. आवाज चढवला नाही, चिडलीही नाही. संध्याकाळी आम्ही डबे धुताना बोलतो तशा सुरात अध्यक्षांना म्हणाली, "ते झाड नाहीये सर. ते तुम्ही आहात."

समितीतल्या कुणालाच काही कळलं नाही. मग तिने सांगितलं : तुम्ही पाच जण श्वास सोडताय तो यंत्र मोजतंय. लांब गेलात किंवा श्वास धरलात की झाडाचं कळेल.

पाचही जणांनी मागे वळून पाहिलं. मागे अरुंद बांबू, बांबूच्या बाजूला तो बूट गिळलेला चिखल. लांब जायची कुणाचीच तयारी दिसली नाही.

"धरा," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांनी गाल फुगवले.

मग सगळ्यांनीच धरला. पाच सदस्य, सर, मी, सायली, आणि काहीएक संबंध नसताना होडीत बसलेला पद्माकर. जून महिन्याच्या उन्हात, खाडीकाठच्या चिखलात, एवढी शिकलेली माणसं गाल फुगवून एका डहाळीकडे बघत होती. वाऱ्याची झुळूक आली, पेटीतली कोंडलेली हवा निघून गेली आणि आकडा खाली आला. चारशेजवळ थांबला. सायलीने झाकण लावलं. क्षणभर काही झालं नाही. मग तो उतरायला लागला. हळूहळू, एकेक करत, सरळ खाली.

एका मॅडमचा चेहरा लाल झाला. बूट हरवलेल्या सरांचे डोळे बाहेर आले. कुणीही श्वास सोडेना, जणू सोडला तर झाड नापास होईल.

आधी अध्यक्षांनी हार मानली. मान खाडीकडे वळवून त्यांनी श्वास सोडला, दोन-चार वेळा दम खाल्ला, रुमालाने मिशा पुसल्या. मग परत आकड्याकडे पाहिलं. तो अजून उतरतच होता.

"ठीक आहे," ते सायलीला म्हणाले. "किती महिने हवेत?"

सायलीने अजून श्वास सोडला नव्हता. तिला बोलता येत नव्हतं. तिने हात वर केला. मी तीन बोटांची वाट बघत होते.

तिने सगळा पंजा उघडला.